ताईंच्या नावापुढचा रिकामा रकाना

इंदूरच्या एका विधी महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना एक काम मिळालं. संसदेतला कुणीही एक सदस्य घ्यायचा, एक अधिवेशन घ्यायचं आणि त्या सदस्याने त्या काळात कोणकोणत्या विधेयकांना पाठिंबा दिला त्याचा तक्ता करायचा. विधेयकाचं नाव, तारीख, बाजूने की विरोधात, एवढेच रकाने. आमच्या नात्यातली, लोकमान्य नगरात राहणारी एक मुलगी त्या वर्गात आहे. सदस्य कोण घ्यायचा हा प्रश्न तिला पडलाच नाही. इंदूरच्या मराठी घरांत खासदार म्हटलं की अजूनही भाजपच्या सुमित्राताई महाजनच डोळ्यांपुढे येतात. अधिवेशन तिने २०१६ च्या अर्थसंकल्पाचं घेतलं, त्यातला २३ फेब्रुवारी ते १६ मार्च हा पहिला टप्पा. आधारचं विधेयक त्याच टप्प्यात मंजूर झालं होतं, आणि आधारबद्दल वर्गात बोलायला सगळ्यांनाच काहीतरी असतं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. "काका, लोकसभेची त्या दिवसांची सगळी कार्यवाही वाचून काढली. ताईंचं मत कुठेच सापडत नाही. मी चुकीच्या जागी बघतेय का?"

ती योग्य जागीच बघत होती. तिच्या आजींनी मात्र तोडगा काढला होता: "अगं, पक्षाच्या विधेयकाला ताई नाही म्हणतील होय? सगळीकडे 'बाजूने' लिही आणि मोकळी हो." आजींचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. पण तसं लिहिलं असतं तर तक्त्यातली एकही नोंद पुराव्याने सिद्ध करता आली नसती, आणि ताईंनी त्या अधिवेशनात एका विधेयकाबाबत जे खरोखर केलं ते तक्त्यात आलंच नसतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

मत नोंदलं जातं कधी?

अमेरिकेतल्या प्रतिनिधीच्या नावापुढे त्याच्या शेकडो मतांची यादी मिळते. ती पाहून आपल्याकडेही तसंच असणार असं मुलांना वाटतं. आपल्या लोकसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष प्रस्ताव मांडतात, 'हो' म्हणणारे आणि 'नाही' म्हणणारे आवाज देतात, आणि कोणता आवाज मोठा ते अध्यक्ष जाहीर करतात. कोण काय म्हणालं याची नावानिशी नोंद त्यात राहत नाही. एखाद्या सदस्याने निकालाला आक्षेप घेऊन मतविभाजन मागितलं तरच बटणं दाबली जातात: हिरवं बाजूने, लाल विरोधात, पिवळं तटस्थ. मग नावं कार्यवाहीत छापली जातात. घटनादुरुस्तीच्या विधेयकाला मात्र मतविभाजन लागतंच, कारण तिथे सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन-तृतीयांश बहुमत सिद्ध करावं लागतं. वस्तू आणि सेवा कराची घटनादुरुस्ती लोकसभेत ८ ऑगस्ट २०१६ रोजी ४४३ विरुद्ध शून्य अशी मंजूर झाली, हे आपण आकड्यानिशी सांगू शकतो ते त्यामुळेच.

नाव छापून आलं तरी ते मत त्या माणसाचं किती आणि पक्षाचं किती, हा प्रश्न राहतोच. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आली. तेव्हापासून पक्षाने व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश, काढला आणि सदस्याने परवानगीशिवाय त्याविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली, तर पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणजे मतदाराने खासदाराचा स्वतःचा कल शोधायचा तर तो मतदानापेक्षा इतरत्र शोधावा लागतो: विधेयकं तपासणाऱ्या स्थायी समितीच्या अहवालात, सुचवलेल्या दुरुस्त्यांत, चर्चेतल्या भाषणात, मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेल्या आणि शुक्रवारी दुपारी येणाऱ्या खासगी विधेयकांत. खासगी विधेयकं मंजूर होणं जवळजवळ बंदच झालं आहे. १९५२ पासून अशी चौदा विधेयकं कायदा झाली, त्यातलं शेवटचं १९७० मध्ये. तरी सदस्याच्या मनात काय आहे ते त्यांच्यावरून कळतं.

हे सगळं साध्या सदस्याचं झालं. ताई त्या वेळी साध्या सदस्य नव्हत्या.

खुर्चीत बसलेली खासदार

चिपळूणला जन्मलेल्या, लग्नानंतर इंदूरच्या झालेल्या सुमित्रा महाजन १९८९ मध्ये प्रकाशचंद्र सेठींसारख्या माजी मुख्यमंत्र्यांना हरवून लोकसभेत गेल्या आणि पुढच्या सातही निवडणुका याच मतदारसंघातून जिंकल्या. ६ जून २०१४ रोजी त्या लोकसभेच्या अध्यक्षपदी बिनविरोध निवडून आल्या. मीरा कुमार यांच्यानंतरच्या या पदावरच्या दुसऱ्या महिला. त्या दिवशी इंदुरात जो आनंद झाला तो मी पाहिला आहे, आणि तो रास्त होता.

त्याच दिवसापासून इंदूरच्या मतदाराचं एक मत लोकसभेतून वजा झालं, हे मात्र तेव्हा फारसं कुणी बोललं नाही. घटनेच्या कलम १०० प्रमाणे अध्यक्ष पहिल्या फेरीत मत देत नाही. दोन्ही बाजूंची मतं समसमान पडली तरच निर्णायक मत देतो. अध्यक्ष प्रश्न विचारत नाही, विधेयकांवरच्या वादविवादात बाजू घेत नाही, खासगी विधेयक मांडत नाही. पाच वर्षं देशभरातल्या विधेयकांवर इंदूरची बाजू मांडणारा आवाज सभागृहात नव्हता. ब्रिटनमध्ये अध्यक्ष निवडून आल्यावर पक्ष सोडतो आणि पुढच्या निवडणुकीत मोठे पक्ष परंपरेने त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. आपल्याकडे दहाव्या अनुसूचीत अध्यक्षाला पक्ष सोडण्याची मुभा दिलेली आहे, सक्ती नाही. १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डी यांनी अध्यक्ष झाल्यावर पक्ष सोडला होता. ती वाट पुढे रूढ झाली नाही.

त्या मुलीच्या तक्त्यातला रकाना रिकामा राहण्याचं कारण हे. ९ मार्चचं शत्रू-मालमत्ता विधेयक असो वा १५ मार्चचं स्थावर संपदा विधेयक, ताईंचं मत नाही. स्थावर संपदेचं विधेयक तर इंदूरसारख्या शहराच्या थेट जिव्हाळ्याचं. ग्राहकाकडून घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के पैसे त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवण्याचं बंधन बिल्डरवर त्याने आलं. बायपासच्या बाजूला प्लॉट घेऊन वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या किती घरांना ते हवं होतं! त्यावर इंदूरच्या खासदाराचं भाषण असतं तर काय बोललं गेलं असतं, असं वाटून जातं.

एक जुना अहवाल

तक्ता भरण्यासाठी मी तिला थोडं मागे जायला सांगितलं. अध्यक्ष होण्याआधी ताई ग्रामविकासाच्या स्थायी समितीच्या प्रमुख होत्या, आणि २०११ चं भूसंपादन विधेयक याच समितीकडे आलं होतं. मे २०१२ मध्ये समितीने दिलेला अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. खासगी कंपन्यांसाठी आणि खासगी-सरकारी भागीदारीच्या प्रकल्पांसाठी सरकारने जमीन संपादन करून देऊ नये, त्यांनी ती बाजारात विकत घ्यावी, असा त्याचा स्पष्ट सूर होता. तेव्हाच्या काँग्रेसप्रणीत संपुआ सरकारने ते पूर्ण मानलं नाही. २०१३ च्या कायद्यात संपादनाचा मार्ग राहिला, पण खासगी प्रकल्पासाठी ऐंशी टक्के आणि भागीदारीच्या प्रकल्पासाठी सत्तर टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट आली.

समिती अनेक सदस्यांची असते, तेव्हा अहवालातलं प्रत्येक वाक्य प्रमुखाच्या नावावर टाकणं योग्य नाही. तरीही एखाद्या खासदाराने एका विधेयकावर केलेल्या कामाचा इतका भरीव दस्तऐवज क्वचित मिळतो. मग डिसेंबर २०१४ मध्ये नव्या सरकारने वटहुकूम काढून पाच प्रकारच्या प्रकल्पांना संमतीच्या अटीतून आणि सामाजिक परिणामाच्या अभ्यासातून सूट दिली, आणि १० मार्च २०१५ रोजी तशी दुरुस्ती लोकसभेने मंजूर केली. ज्यांच्या समितीने या विषयाचा कीस पाडला होता त्या आता सभागृहाच्या अध्यक्ष होत्या. त्यांना यावर काय वाटलं हे नोंदीत कुठेच नाही, कारण पदच तसं आहे. पुढे याच विषयाचं दुसरं दुरुस्ती विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि ऑगस्ट २०१५ अखेर सरकारने वटहुकूम मुदत संपून बाद होऊ दिला. मुलीने विचारलं, "मग हे मी पाठिंब्यात धरू की विरोधात?" मी म्हटलं, कशातच धरू नको, तारखेसह जसं आहे तसं लिही.

एक सही

आता त्या अधिवेशनातल्या मुख्य गोष्टीकडे येऊ.

आधारची सुरुवात सप्टेंबर २०१० मध्ये आपल्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात झाली. त्याच वर्षी डिसेंबरात त्याला कायद्याचा आधार देणारं विधेयक राज्यसभेत साधं विधेयक म्हणून मांडलं गेलं. यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०११ मध्ये ते नापसंत केलं. वर्षं गेली, कोट्यवधी लोकांनी अंगठे आणि डोळे देऊन क्रमांक घेतले, पण कायदा नव्हताच.

३ मार्च २०१६ रोजी अर्थमंत्री अरुण जेटली यांनी लोकसभेत नवं विधेयक मांडलं, ते धनविधेयक म्हणून, म्हणजे केवळ कर आणि सरकारी पैसा यांविषयीचं विधेयक म्हणून. फरक मोठा आहे. साधं विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर करावं लागतं. धनविधेयकावर राज्यसभा फक्त शिफारशी करू शकते, त्याही चौदा दिवसांत, आणि लोकसभा त्या सगळ्या फेटाळू शकते. त्या वेळी सरकारकडे राज्यसभेत बहुमत नव्हतं. एखादं विधेयक धनविधेयक आहे की नाही असा प्रश्न उठला तर कलम ११०(३) प्रमाणे लोकसभा अध्यक्षाचा निर्णय अंतिम, आणि विधेयक राज्यसभेकडे जाताना त्यावर अध्यक्षाच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं.

ते प्रमाणपत्र ताईंनी दिलं.

लोकसभेने ११ मार्चला विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केलं. १६ मार्चला राज्यसभेने काँग्रेसचे जयराम रमेश यांनी मांडलेल्या पाच दुरुस्त्या सुचवल्या. ज्याला आधारमधून बाहेर पडायचं आहे त्याला पडता यावं. आधार नसलेल्याला दुसरी ओळख चालावी. 'राष्ट्रीय सुरक्षा' या कारणाऐवजी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता असं नेमकं कारण असावं. माहिती उघड करण्यावर देखरेख करणाऱ्या समितीत केंद्रीय दक्षता आयुक्त किंवा महालेखापरीक्षक असावेत. आणि इतरांना, म्हणजे खासगी कंपन्यांनाही, आधार वापरू देणारं कलम ५७ काढून टाकावं. लोकसभेने त्याच दिवशी पाचही फेटाळल्या. २५ मार्चला राष्ट्रपतींची सही झाली.

धनविधेयक ठरवण्याच्या बाजूने जे सांगितलं जातं तेही मुलीला मी वाचायला लावलं. कायद्याचं कलम ७ देशाच्या एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारी तिजोरीतून, दिल्या जाणाऱ्या अनुदानांशी आणि लाभांशी आधार जोडतं. बाकीची कलमं त्याच्या अंमलबजावणीसाठी आहेत, असा युक्तिवाद. या युक्तिवादाला जुना आधारही आहे. पहिले लोकसभाध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांनी असं मत मांडलं होतं की विधेयक मुख्यतः कराविषयी असेल, तर त्याच्या वसुलीसाठी आणि कारभारासाठी लागणाऱ्या इतर तरतुदी आल्या म्हणून ते धनविधेयक राहत नाही असं होत नाही. (मावळंकर जन्मले बडोद्यात, घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं. ताईही रत्नागिरी जिल्ह्यातल्याच. कोकणातून बाहेर पडून गुजरात-माळव्यात रुजलेल्या दोन मराठी माणसांनी या एका कलमाचा अर्थ लावला, हा योगायोग मला फार विलक्षण वाटतो.)

माझं मत यावर दुसरं आहे. घटनेने कलम ११० मध्ये विषयांची यादी दिली आणि विधेयकात 'केवळ' तेच विषय असले तर ते धनविधेयक, असं म्हटलं. कलम ५७ चा अनुदानाशी काडीचा संबंध नव्हता. मोबाइल कंपनीने सिमकार्डासाठी माझा अंगठा घ्यावा, यात एकत्रित निधीतला एक रुपयाही गुंतलेला नाही. मावळंकरांनी सवलत दिली होती ती कारभाराला लागणाऱ्या तरतुदींना. खासगी व्यवहाराची परवानगी त्यात बसवता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २६ सप्टेंबर २०१८ रोजी आला. पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी कायदा धनविधेयक म्हणून मंजूर होणं ग्राह्य धरलं. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी मात्र वेगळं निकालपत्र लिहून हा घटनेशी केलेला कपटव्यवहार ठरवला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. बहुमताने कायदा टिकवला तरी कलम ५७ मधला खासगी कंपन्यांना वाट देणारा भाग रद्द केला, आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली माहिती देण्याचं कलम ३३(२) आहे त्या रूपात रद्द केलं. राज्यसभेने १६ मार्च २०१६ ला ज्या पाच जागांवर बोट ठेवलं होतं त्यातल्या दोन या. तेव्हाच ऐकलं गेलं असतं तर मधल्या अडीच वर्षांत सिमकार्ड आणि बँक खाती आधारला जोडण्यासाठी लोकांची जी धावपळ झाली ती बरीचशी वाचली असती. आमच्या भागातल्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या म्हाताऱ्या माणसांना मोबाइलच्या दुकानात पुन्हा पुन्हा अंगठा टेकवावा लागत होता, ते आठवलं की या सहीचं वजन कळतं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायाधिकरणांच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्याच दुसऱ्या पीठाने आधार निकालातलं धनविधेयकाचं विवेचन पुरेसं नाही असं म्हणून मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवला. ते प्रकरण होतं वित्त कायदा २०१७ चं, म्हणजे प्रमाणपत्र याच अध्यक्षांच्या काळातलं. जानेवारी २०२१ मध्ये आधार निकालाच्या पुनर्विलोकनाच्या याचिका चार विरुद्ध एक अशा मतांनी फेटाळल्या गेल्या. याही वेळी एकटे राहिले ते न्यायमूर्ती चंद्रचूडच.

ताईंनी प्रमाणपत्र दिलं याबद्दल त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. अधिकार त्यांचा होता आणि त्यांच्या बाजूला आधीची उदाहरणं होती. मला खटकते ती व्यवस्था. प्रमाणपत्रावर सही लागते, कारणं लागत नाहीत. तालुक्याच्या तहसीलदाराला फेरफार नाकारताना कारण लिहावं लागतं. राज्यसभेचा निर्णायक अधिकार ज्या कागदाने बाजूला होतो त्यावर एक परिच्छेदही नको? अध्यक्षांनी हे का धनविधेयक आहे ते दोन पानांत लिहून सभापटलावर ठेवावं, एवढा नियम सभागृह स्वतः करू शकतं. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. तसा नियम असता तर इंदूरच्या मतदाराला आपल्या खासदाराचा या विषयावरचा विचार तिच्याच शब्दांत वाचता आला असता, आणि पटला नसता तर निदान कशाशी वाद घालायचा ते कळलं असतं.

तक्ता कसा झाला

शेवटी मुलीने रकाने बदलले. 'बाजूने की विरोधात' काढून तिने तीन रकाने केले: मतदान कसं झालं, सदस्याची त्या वेळची भूमिका काय, आणि सदस्याच्या नावावर नोंदलेली कृती कोणती. बहुतेक ओळींत 'आवाजी', 'अध्यक्ष', 'नोंद नाही' असंच आलं. आधारच्या ओळीत शेवटच्या रकान्यात 'कलम ११० खालचं प्रमाणपत्र'. भूसंपादनाचा अहवाल तिने वेगळ्या टिपणात दिला, कारण तो त्या अधिवेशनातला नव्हता. आजींनी ते वाचलं आणि विचारलं, "म्हणजे बाकी साडेपाचशे जणांची मतं एकीकडे आणि ताईंची सही एकीकडे?" तसं पूर्णपणे म्हणता येणार नाही, कारण लोकसभेचं बहुमत नसतं तर विधेयक पुढे गेलंच नसतं. पण राज्यसभेपुरता आजींचा हिशेब बरोबर होता.

पुढच्या सत्रासाठी तिने सप्टेंबर २०२३ चं विशेष अधिवेशन घेतलं आहे. नव्या संसद भवनात २० सप्टेंबरला महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत ४५४ विरुद्ध २ अशी मंजूर झाली. १९९६ पासून मांडलं जाणारं आणि दर वेळी अडकणारं ते विधेयक. घटनादुरुस्ती असल्यामुळे मतविभाजन झालं आहे आणि नावं छापलेली आहेत. इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदा या तिन्ही मतदारसंघांच्या खासदारांची नावं ती त्या यादीत शोधते आहे, आणि त्याबरोबर तिघांपैकी चर्चेत कोण बोललं आणि जनगणना आणि मतदारसंघ फेररचना झाल्यावरच आरक्षण लागू करण्याच्या त्यातल्या अटीवर कुणी काय म्हटलं, हेही.